पाटावरचा नीलकंठ

त्या वर्षी दसरा रविवारी आला. सकाळी मी एक पक्षी घरात आणून पाटावर ठेवला. त्या पक्ष्याच्या कातडीत विष आहे हे त्या घरात, त्या गल्लीत फक्त मला माहीत होतं. 'माहीत होतं' हे शब्द लिहिताना आजही हात थांबतो. मी अजाण असतो तर हे लिहायची गरजच पडली नसती.

मी तेव्हा नागपुरातल्या एका संग्रहालयात प्राणी-पक्ष्यांच्या दालनाचा सहायक होतो. सकाळी सात ते दहा एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवायचो, आणि तिथून सायकल मारत येऊन साडेदहाला संग्रहालयाच्या हजेरीवर सही करायचो. दोन्हीकडे मला मास्तरच म्हणत. घरात आम्ही तिघं. मी, बायको आणि सहा वर्षांची मुलगी. गणेशपेठेत वरच्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या होत्या. खाली घरमालक राहत. त्यांचं गांधीबागेत कापडाचं दुकान होतं आणि ते दिवसभर तिकडेच असत, त्यामुळे घरावर, नळावर आणि जिन्यावर राज्य घरमालकीणबाईंचं होतं. बाई तोंडाच्या फटकळ, पण मुलीवर त्यांचा जीव होता.

आमच्या भागात दसऱ्याला नीलकंठाचं दर्शन घेतात. एरवी तारेवर बसलेला हा पक्षी मातकट दिसतो, पण उडाला की पंखातला निळा रंग असा उघडतो की पाहणारा थांबतोच. दसऱ्याला तो दिसला की वर्ष चांगलं जातं म्हणतात. शहरात लोकांना तो शोधत हिंडायला वेळ नसतो, म्हणून पारधी तो पिंजऱ्यात घालून, पायाला दोरी बांधून दारोदार आणतात. आदल्या वर्षी आमच्या दारात आलेल्या नीलकंठाचा एक डोळा सुजलेला होता आणि तो चोच उघडी टाकून धापा टाकत होता. मुलीनं ते पाहिलं आणि रडायलाच लागली. मी पारध्याला म्हटलं, "सोडून दे त्याला." तो म्हणाला, "सोडतो न साहेब, पयले सारी गल्ली तं होऊ द्या."

मुलगी त्या दिवशी जेवली नाही. तेव्हा मी तिला शब्द दिला की पुढच्या दसऱ्याला मी असा नीलकंठ आणीन, ज्याला काहीच दुखणार नाही.

आता त्या पक्ष्याबद्दल. जुने, पिसं झडलेले, रंग उडालेले नमुने संग्रहालयातून बाद करण्याची एक पद्धत होती. त्यांची यादी करायची, मागच्या आवारात खोल खड्डा खणायचा, त्यात नमुने टाकून वर चुना पसरायचा आणि पुरायचं. मग पंचनाम्यावर साहेबांची सही, खाली माझी. त्या भाद्रपदात चौदा पक्षी बाद झाले. त्यांतला एक नीलकंठ होता. त्याच्या पोटाची शिवण सैल झाली होती आणि एक नख गळालं होतं, पण पंख अजून निळे होते. साहेब सही करून वर गेले. खड्ड्यात तेरा पक्षी गेले. चौदावा मी वर्तमानपत्रात गुंडाळून डब्याच्या पिशवीत टाकला आणि चौदाही पुरल्याच्या कागदावर सही केली.

पक्षी पेंढा भरून टिकवायचा तर कातडीला आतून सोमल, म्हणजे आर्सेनिक, चोळावा लागतो, नाहीतर किडे वर्षभरात पिसं खाऊन टाकतात. आमच्याकडे हे काम एक म्हातारे कारागीर करत, त्यांना सगळे उस्ताद म्हणत. सोमल साबणात कालवून ते ब्रशनं लावत. माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी तो डबा मला दाखवून सांगितलं होतं, "दिसते साबणावानी, पण हा साबण हात साफ नाई करत गा, माणूस साफ करते." पुढे नव्या शिपायांना नियम वाचून दाखवायचं काम माझ्याकडेच आलं. नमुन्याला उघड्या हातानं शिवू नये, शिवल्यास हात कोपरापर्यंत धुवावेत, दालनात काही खाऊ नये. दर वर्षी मी ते वाचायचो.

मग मी असं का केलं? तो पक्षी माझ्या जन्माच्याही आधीचा होता. इतक्या वर्षांत त्याच्यातला सोमल उडून गेला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. सोमल उडून जात नाही. आठवीच्या एखाद्या मुलानं असं उत्तर लिहिलं असतं तर मी त्याला शून्य दिलं असतं.

दसऱ्याला सकाळी मुलीनं डोळे उघडले तेव्हा नीलकंठ पाटावर होता. मी त्याचे पंख थोडे उघडून, आतून काडी लावून बसवले होते, त्याच्यामागे आपट्याची डहाळी. ती कितीतरी वेळ नुसती पाहत राहिली. मग विचारलं, "याला दुखत नाही ना?"

"नाही."

"मग मी हात लावू?"

मी "लाव" म्हटलं. हा शब्द मीच उच्चारला.

तासाभरात गल्लीत बातमी झाली. घरमालकीणबाई ताट घेऊन वर आल्या. त्यांनी पक्ष्याला हळदकुंकू वाहिलं, त्याच्या पायांना बोटं लावून ती डोळ्यांना लावली, आणि चोचीसमोर वाटीत खडीसाखर ठेवली. "मास्तर, तुमच्या नीलकंठानं तं माया दिवस सोन्याचा केला. त्या पारध्याच्या कोंबडीपेक्षा लाख बरा." मग तीच खडीसाखर उचलून एक खडा स्वतःच्या तोंडात, एक मुलीच्या तोंडात. त्यांच्यामागून गल्लीतल्या आणखी बाया आल्या, लहान मुलं आली. कोणी नमस्कार केला, कोणी पंखावरून हात फिरवला. मी बाजूला उभा राहून त्या पक्ष्याची माहिती सांगत होतो, संग्रहालयात सांगतो तशीच. मला त्या दिवशी फार बरं वाटत होतं. लोक माझ्याकडे आले होते.

बायकोनं श्रीखंड केलं होतं. आदल्या दिवसापासून चक्का टांगला होता. एक वाटी खाली बाईंकडे पाठवली. जेवताना मुलगी पुरीचा तुकडा श्रीखंडात बुडवून आधी पक्ष्याच्या चोचीला लावायची आणि मग स्वतः खायची. बायको हसून म्हणाली, "अहो, आता या पाहुण्याला वेगळं ताट मांडू का?" दुपारी मुलगी त्याला कुशीत घेऊन झोपली.

सोमवारी संग्रहालय बंद असायचं. दसऱ्याची जोडून शाळेलाही सुट्टी होती. आमचा सोमवारचा बेत ठरलेला असे. मी मुलीला सायकलवर पुढे बसवून अंबाझरीला न्यायचो. तलावाच्या बांधावर बसून ती बगळे मोजायची, मी डब्यातले पोहे काढायचो. त्या सोमवारी तिनं पोहे खाल्ले नाहीत. म्हणाली, "बाबा, पायात गोळे येताहेत." मी पिंडऱ्या चोळून दिल्या. थोड्या वेळानं ती गवतात वाकून ओकली. ऊन लागलं असेल म्हणून मी तिच्या डोक्यावर ओला रुमाल बांधला आणि तिला घरी आणलं.

घरी अंथरूण घालताना मला ते दिसलं. पक्षी तिच्या उशीशी उताणा पडलेला होता. पोटाची शिवण पुरती उसवली होती, भुसा बाहेर आला होता, आणि उशीच्या अभ्र्यावर राखेसारखी पांढुरकी पूड सांडलेली होती. उन्हाचा विचार तिथल्या तिथे संपला.

पुढची गोष्ट मी इतक्या सावधपणे केली की तिची मला आजही लाज वाटते. बायको मुलीला चूळ भरायला नळावर घेऊन गेली होती. तेवढ्यात मी पक्षी कागदात गुंडाळला, पिशवीत घालून माळ्यावर टाकला, पाट पुसला आणि अभ्रा बादलीत बुडवला. बायको परत येऊन म्हणाली, "अहो, तुम्ही काय धुताय?"

"ओकारी लागली होती."

"इथे कुठे ओकली ती?"

मी अभ्रा चोळत राहिलो.

मंगळवारी सकाळपर्यंत मुलीला दहा-बारा जुलाब झाले, नुसतं पाणी. गल्लीतल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि काय खाल्लं विचारलं. बायकोनं सगळं सांगितलं. पुरी, श्रीखंड, खडीसाखर. डॉक्टर म्हणाले, "श्रीखंड बाधलेलं दिसतं. सणाचे दिवस, माझ्याकडे अशा चार केसेस आहेत." त्यांनी गोळ्या दिल्या. मी तिथे उभा होतो.

जिन्यात घरमालकीणबाई भेटल्या. "काय म्हणते डाक्टर?"

"श्रीखंड बाधलं म्हणतात," बायको म्हणाली.

बाईंनी कपाळावर हात मारला. "तरीच. काल मायंबी पोट गेलं न. तुयी वाटी खाल्ली होती मीनं. चक्का कवा टांगला होता वं?"

"शनिवारी दुपारी."

"एवढ्या उकाड्यात? आंबला असन थो. लेकरू आहे घरात, थोडं तं पाहा लागते."

बायको वर आली. मुलीला निजवलं आणि पातेली घासायला बसली, घासलेलीच पातेली. थोड्या वेळानं म्हणाली, "पण अहो, श्रीखंड आपण दोघांनीही खाल्लं. आपल्याला काही कसं झालं नाही?"

ती बरोबर वाटेवर होती. आणखी दोन पावलं चालली असती तर पक्ष्यापर्यंत पोचली असती. मी म्हटलं, "आपण वरचं वरचं वाढून घेतलं. तळाचं तिला आणि खाली गेलं असेल. तळाला आधी आंबतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी विज्ञानाचा मास्तर. तिनं ते मानलं.

आजवर मी जितकं खोटं बोललो त्यात हे वाक्य सगळ्यांत वाईट आहे. ते बोलताना मला कशाची भीती वाटत होती हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. मुलगी जाईल, ही तर होतीच. पण तिच्या शेजारी दुसरीही होती, त्या पंचनाम्याची. सरकारी वस्तू चोरली, खोटी सही केली, नोकरी जाईल, शाळाही काढून टाकेल. दोन्ही भीती मी एकाच तराजूत घातल्या होत्या, आणि मंगळवारी दुसरं पारडं खाली होतं.

त्या दिवशी मी कामावर गेलो. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लांबून आलेली माणसं दोन-चार दिवस शहरात असत आणि मुलाबाळांना घेऊन संग्रहालय बघायला येत. दालन भरून गेलं होतं. मी वाघ दाखवला, सुसर दाखवली, आणि पक्ष्यांच्या कपाटापाशी आलो. एका आजोबांनी नातीला उचलून काचेला टेकवलं. "हा नीलकंठ पाहा, बाई." मी घाईनं म्हटलं, "काचेला हात लावू नका." आजोबांनी नातीचा हात चटकन मागे घेतला आणि मला "चुकलं जी," म्हणाले.

संध्याकाळी मी गल्लीत फिरलो. रविवारी ज्यांनी ज्यांनी हात लावला होता ते चेहरे आठवून दारोदार गेलो आणि दसरा कसा झाला, मुलं कशी आहेत, असं विचारत राहिलो. सगळी ठणठणीत होती. एका घरी मी मुलांना जीभ दाखवायला लावली. तिथली बाई म्हणाली, "मास्तर, तुमी डाक्टर कवापासून झाले?" घरमालकीणबाईंना तर मी इतक्यांदा विचारलं की त्या वैतागल्या. "काहून जी मास्तर, सकाळपासून माया पोटाची चौकशी करून राहिले. आता हाय बरी. लेकराकडे पाहा तुमच्या."

बुधवारी शाळा सुटल्यावर घरी डोकावलो. संग्रहालयातल्या जुन्या पुस्तकात मी वाचलं होतं की सोमल पोटात गेला तर श्वासाला लसणाचा वास येतो. मुलीच्या तोंडाशी नाक नेलं. वास येत होता. पण घरातही लसणाचाच वास होता, फोडणीचा. बायकोला म्हटलं, "आजपासून काही दिवस लसूण नको." तिनं विचारलं, "कशाला?" मी म्हटलं, "असंच." तिला वाटलं मी काहीतरी नवस बोललो आहे. तिनं ताबडतोब लसणाची परडी उचलून खाली बाईंकडे देऊन टाकली आणि स्वतःही काही खाल्लं नाही. मी तिचा उपास सोडवूही शकलो नाही, कारण मग नवस नाही तर काय, हे सांगावं लागलं असतं.

दुपारी मी उस्तादांच्या खोलीत गेलो. ते एका घारीच्या पंखात तार घालत होते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "उस्ताद, समजा एखाद्या लहान जिवाच्या पोटात सोमल गेला, तर?"

त्यांनी तार खाली ठेवली नाही. "किती लहान?"

"सहा वर्षांचा."

मग त्यांनी तार ठेवली. "खड्ड्यात तेरा होते," ते म्हणाले. "मी गिनले होते. म्हटलं, मास्तरनं शाळेत पोट्ट्यायले दाखवाले नेला असन. काचंच्या आडून दाखवन, शहाणा माणूस आहे." मी खाली बसलो. ते बोलत राहिले, आवाज न चढवता. "म्या माया उस्तादाचा कुत्रा मेलेला पाहिला हाय. कातड्याचा एक चिंधूक खाल्ला होता त्यानं. तिसऱ्या दिवशी बरा दिसला, उठून शेपूट हलवली, आमी म्हटलं वाचला. चौथ्या दिवशी गेला. तू आत्ता घरी जा. डाक्टरले सांग. नोकरी दुसरी भेटते गा."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघालो. धंतोलीत मुलांचे एक नामांकित डॉक्टर होते, त्यांच्याकडे तिला न्यायचं आणि सगळं सांगायचं असं ठरवून जिना चढलो. वर मुलगी भिंतीला टेकून बसली होती आणि मऊ भात खात होती. बायकोचा चेहरा उजळला होता. "बघा, आज जुलाब नाही."

उस्तादांनी सांगितलेला कुत्रा माझ्या डोळ्यांसमोर होता. तरीही मी त्या दिवशी गेलो नाही. बरी होते आहे, मग उगाच कशाला, असं मनात आलं आणि मी त्याला धरून बसलो. बायकोबरोबर चहा प्यालो. रेडिओ लावला. तो सगळा वेळ मी मुलीच्या पायांकडे बघत होतो.

गुरुवारी सकाळी तिचे पाय वाकडे होऊ लागले. ओठ सुकून पांढरे पडले, डोळे खोल गेले. पाणी घोटभर दिलं की बाहेर. ती रडतही नव्हती, आणि मला सगळ्यांत जास्त भीती त्याची वाटली. मी रिक्षा आणली. धंतोलीच्या दवाखान्यात बाहेरगावच्या माणसांची ही गर्दी होती, पण डॉक्टरांनी मुलीकडे एकदा पाहिलं आणि आधी आत घेतलं. नर्स सलाईन लावू लागली. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं होतं?"

बायको म्हणाली, "माझ्या हातचं श्रीखंड." तिनं 'श्रीखंड' एवढंच म्हटलं असतं तरी चाललं असतं.

मी तिला म्हटलं, "बाहेर जाऊन सायकलस्टँडजवळच्या दुकानातून संत्र्याचा रस घेऊन ये." दवाखान्याजवळ तसं दुकान होतं की नाही मला माहीत नव्हतं. ती गेली. दार लागल्यावर मी सांगितलं. पक्षी, शिवण, पूड, उशी.

डॉक्टरांनी पेन टेबलावर ठेवलं. "कधीची गोष्ट?"

"रविवारची."

"आज गुरुवार आहे. चार दिवस तुम्ही काय करत होतात?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. सोमलावरचं इंजेक्शन त्यांच्याकडे नव्हतं. त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि मला मोठ्या सरकारी दवाखान्यात पिटाळलं. मी सायकल भाड्यानं घेतली आणि ती कशी चालवली ते आठवत नाही. इंजेक्शनं घेऊन परत आलो तेव्हा बायको दारातच होती. "इथे कुठेच रसाचं दुकान नाही," ती म्हणाली. "मी पार लक्ष्मीनगरच्या रस्त्यापर्यंत जाऊन आले." तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता.

इंजेक्शन मांडीत खोल द्यावं लागे आणि फार दुखे. दर चार तासांनी. सुई बघताच मुलगी माझ्याकडे हात पसरायची. मी तिचे पाय धरून ठेवायचो. बायकोनं विचारलं, "हे कशाचं आहे?" मी म्हटलं, "जंतांचं." डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "घरी तुम्ही सांगा. आजच सांगा." मी हो म्हटलं. लघवी तपासायला पाठवली होती, तिचा निकाल यायला बरेच दिवस लागणार होते. डॉक्टर म्हणाले, तोवर थांबता येणार नाही, सोमल आहे असं धरूनच चालू. कदाचित नसेलही. मी त्या 'कदाचित'ला चिकटलो.

शुक्रवारी पाय वळायचे थांबले. शनिवारी तिनं पाणी पोटात ठेवलं. रविवारी सकाळी ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "बाबा, त्या तारेवर बघा, साळुंक्या. दोन." मी खोलीबाहेर जाऊन जिन्यात बसलो, आणि बऱ्याच वेळानं आत आलो.

ती वाचली. इथे ही गोष्ट संपायला हवी होती.

पक्षी मी उस्तादांकडे दिला. त्यांनी तो पुरला. पुढच्या आठवड्यात मी साहेबांना सगळं लेखी दिलं. त्यांनी कागद दोनदा वाचला, लेखी ताकीद दिली आणि दालनाच्या किल्ल्या सहा महिने माझ्याकडून काढून घेतल्या. बस्स, एवढंच. ज्याला मी चार दिवस भ्यालो होतो ते एवढंच होतं. डॉक्टरांना सांगून झालं, साहेबांना सांगून झालं. बायकोला मात्र सांगितलं नाही. मुलगी बरी झालीय, आता तिला कशाला त्रास, असं मी म्हणायचो. तपासणीचा निकाल आणायलाही मी गेलो नाही. निकाल नाही तर खात्री नाही, आणि खात्री नाही तर कदाचित ते श्रीखंडच असेल.

बायकोनं दिवाळीला फराळाचं घरी काही केलं नाही. सगळं विकत आणलं. बाईंनी जिन्यातून ऐकवलं, "यंदा हलवायाचं काय वं? बरं केलं म्हणा." बायको म्हणाली, "हो, बरं केलं." मुलीला वाढण्याआधी ती प्रत्येक पदार्थ वास घेऊन, चाखून, थोडा वेळ थांबून मग वाढायची. दुधाचं भांडं तीन-तीनदा उकळायची. कोणी जेवायला बोलावलं तर मुलीला घेऊन जायची, पण आमच्या घरी कोणाला बोलवेनाशी झाली. मी हे सगळं पाहत होतो. तिच्यात आलेली ही भीती माझी होती. मी ती तिच्या हवाली करून मोकळा झालो होतो.

दिवाळीनंतरच्या एका रविवारची सकाळ होती, मी कामावर निघायचा होतो. उन्हात बसून बायको मुलीची नखं कापत होती. मी वर्गाच्या वह्या तपासत होतो.

"अहो, हे बघा जरा," ती म्हणाली. "नखांवर हे काय आलंय?"

मी जाऊन पाहिलं. दहाही नखांवर आडवी पांढरी रेघ होती, सरळ, खडूनं ओढल्यासारखी, सगळ्या नखांवर एकाच उंचीवर. त्या जुन्या पुस्तकात याचंही चित्र होतं. सोमल पोटात गेलेला माणूस वाचला तर महिन्या-दीड महिन्यानं नखांवर अशी रेघ उगवते, आणि नखाबरोबर पुढे सरकत जाते. आता कुठला निकाल आणायची गरज उरली नव्हती.

"अशक्तपणानं असेल का?" बायको विचारत होती. "मी दूध वाढवते. माझ्याच हातून..."

"तुझ्या हातून काही झालेलं नाही," मी म्हटलं.

आणि मग सांगितलं. खड्ड्यापासून सुरुवात केली. अभ्रा सांगितला, तळाचं श्रीखंड सांगितलं, लसूण सांगितला, नसलेलं रसाचं दुकान सांगितलं. मुलगी आमच्यामध्ये बसून एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे बघत होती. बायकोनं मला मध्ये थांबवलं नाही. तिच्या हातात मुलीचं बोट तसंच धरलेलं होतं. माझं सांगून झालं तेव्हा तिनं उरलेली तीन नखं कापली, कापलेली नखं कागदात गोळा केली, मुलीला "जा, हात धू साबणानं" म्हणाली. मग माझ्याकडे न बघता बोलली.

"तळाला आधी आंबतं, असं म्हणालात तुम्ही. मी त्यानंतर रोज विचार करायचे, तळापर्यंत मी डाव का नाही फिरवला."

मी "माफ कर" म्हणालो असेन. नक्की आठवत नाही.

"मला काय सांगताय," ती म्हणाली. "मला आता कळलं. खाली कोणाला कळलंय? गल्लीत कोणाला?" ती उठली आणि तिनं जिन्याचं दार उघडलं. "बाई घरात आहेत. जा. जसं मला सांगितलं तसं सगळं सांगा. हळू बोलू नका. मी इथे उभी राहून ऐकतेय."

खाली घरमालकीणबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मी कठड्याला धरून उतरलो.

"या मास्तर," बाई म्हणाल्या, "काय झालं जी? लेकरू तं बरं हाय न?"

"बरं आहे," मी मोठ्यानं म्हटलं. "बाई, त्या श्रीखंडात काही नव्हतं."